जड रेकॉर्ड म्हणजे चांगला आवाज?

जुन्या अल्बमच्या महागड्या नव्या आवृत्त्यांवर दोन गोष्टी हमखास ठळक छापलेल्या असतात: १८० ग्रॅम वजन आणि मूळ टेपशी इमान. यांतल्या वजनाचा आवाजाशी जेमतेमच संबंध आहे. सुई जिच्यात फिरते त्या खाचेची खोली आणि घडण लॅकरवर, म्हणजे जिच्यावर खाच सर्वांत आधी कोरली जाते त्या मऊ थराच्या तबकडीवर, कोरतानाच ठरते. जास्तीचं विनाइल फक्त जाडीत जातं. जाड तबकडी कमी वाकते, हा मुद्दा रास्त आहे. पण नीट थंड होण्याआधी साच्यातून काढली, तर तीही वाकते. आणि मधलं भोक केंद्रापासून किंचित ढळलं, तर पियानोचा लांब सूर डुलू लागतो, तिथे वजन कामाला येत नाही. याउलट काही आवृत्त्यांवर झळकणाऱ्या ४५ आरपीएमच्या (मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या) दाव्यामागे भौतिकशास्त्र आहे. ३३⅓ च्या गतीला बाहेरच्या कडेशी सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सुईखालून सरकते, लेबलजवळ सुमारे २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबावा लागतो, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात उंच स्वर फाटतात. ४५ ला ही लांबी ३५ टक्क्यांनी वाढते.

दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे: साखळीत कुठेही डिजिटल टप्पा आला की आवाज बिघडलाच. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या प्रकरणाने तो उघडा पाडला. तिच्या ‘वन-स्टेप’ पद्धतीत लॅकरवरून मधले दोन धातूचे साचे न बनवता थेट स्टॅम्पर, म्हणजे रेकॉर्ड दाबणारा साचा, तयार होतो. त्यामुळे प्रतीवरून प्रत काढण्याचे टप्पे कमी होतात, पण प्रत्येक स्टॅम्परसाठी नवं लॅकर कोरावं लागतं. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या ४०,००० प्रती या पद्धतीने काढण्याची घोषणा झाली, तेव्हा इतक्या लॅकरांसाठी अमूल्य मूळ टेप पुन्हा पुन्हा कोण वाजवू देईल, असा प्रश्न उभा राहिला. २०२२ च्या जुलैत उत्तर मिळालं: कंपनी २०११ पासून अनेक आवृत्त्यांसाठी टेपची डीएसडी ही डिजिटल प्रत वापरत होती. मधल्या वर्षांत याच रेकॉर्डांची शुद्ध अॅनालॉग म्हणून वाहवा झाली होती.

मग कानांना कळलंच नाही, तर तक्रार कसली, असं कुणी विचारेल. इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. आवाज चांगला होता, हे खरं. त्यातून एवढंच सिद्ध होतं की काळजीपूर्वक केलेली डिजिटल प्रत रेकॉर्डला मारक नसते. पण ग्राहकाने जादा पैसे ज्या समजुतीवर मोजले ती चुकीची होती आणि कंपनीने ती दुरुस्त केली नाही; त्याची भरपाई गोड आवाजाने होत नाही. म्हणूनच वेष्टणावरच्या विशेषणांपेक्षा टेप कोणती, मास्टरिंग कुणी केलं, लॅकर कुणी कोरलं आणि तबकडी कोणत्या कारखान्यात दाबली, याची माहिती जास्त मोलाची. कोरणाऱ्याची आद्याक्षरं पुष्कळदा लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत सापडतात. एवढंही सांगायला जी कंपनी तयार नाही, तिच्या जादा ग्रॅमांना जादा किंमत देण्याचं कारण नाही.