कार्ड आहे, पण दुभाषा नाही!

एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक ‘आभासी’ संगणक चालवता येतात. व्हीएमवेअर कंपनीची ईएसएक्सआय ही प्रणाली हेच काम करते. समजा, तुम्ही ती बसवायला घेतली आणि ‘नेटवर्क कार्ड नाही’ असा संदेश येऊन काम थांबले. कार्ड तर जागेवर आहे, केबलही लावलेली आहे. मग अडले कुठे?

कार्डाशी बोलायला प्रणालीला दुभाषा लागतो. ड्रायव्हर नावाची आज्ञावली म्हणजे हा दुभाषा. प्रत्येक कार्डात दोन क्रमांक असतात : एक उत्पादकाचा, दुसरा नमुन्याचा. इंटेलचा क्रमांक आहे ८०८६. तिच्या १९७८ च्या प्रसिद्ध चिपचेही हेच नाव! प्रणाली हे क्रमांक वाचते व जुळणारा ड्रायव्हर शोधते. तो नसेल, तर कार्ड असून नसल्यासारखे.

२०२० साली आलेल्या ७.० या आवृत्तीतून लिनक्सचे ड्रायव्हर चालवणारा भाग काढला गेला. त्यावर विसंबलेली कार्डे मुकी झाली. अशा वेळी आतले सगळे आभासी संगणक बाहेरच्या जगापासून तुटतात.

ड्रायव्हर आणायला नेटवर्क हवे आणि नेटवर्कला ड्रायव्हर हवा! यावर तोड काय? त्याच यंत्रावर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा आणि ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने कार्ड ओळखा. दुसऱ्या संगणकावर त्या आवृत्तीचा ड्रायव्हर मिळवून तो स्थापनेच्या फाइलमध्ये मिसळा व पुन्हा सुरुवात करा. तसा ड्रायव्हरच नसेल, तर प्रणालीला ओळखीचे असलेले कार्ड बसवा.

म्हणून आवृत्ती बदलण्यापूर्वी मान्य कार्डांची यादी जरूर पाहा!