ज्वारीवरील टारफुला

आंब्यावरील बांडगूळ सर्वांच्या परिचयाचे आहे. ते फांदीवर वाढते, म्हणून नजरेस पडते. ज्वारीचा टारफुला हा त्याच वृत्तीचा, परंतु त्याची चोरी जमिनीखाली चालते. हिरवी पाने व लहान पांढरी फुले असलेले हे वीतभर उंचीचे रोप पाहून ते साधे तण आहे असाच समज होतो. वास्तविक त्याची मुळी ज्वारीच्या मुळात शिरलेली असते व पाणी आणि अन्नद्रव्ये तेथूनच शोषून घेते. जमिनीत ओल असूनही ज्वारी कोमेजलेली व खुरटलेली दिसू लागली, तर टारफुल्याची शंका घ्यावी.

टारफुला जमिनीवर दिसू लागण्यापूर्वीच पिकाची बरीच हानी झालेली असते. त्यामुळे तो उपटूनही त्या हंगामात उत्पन्न फारसे सुधारत नाही, आणि मजुरी वाया गेली असे म्हणून शेतकरी पुढे उपटणे सोडून देतात. येथेच घात होतो. एका रोपापासून धुळीसारखे बारीक असे हजारो बी तयार होते व ते जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते. यंदाची उपटणी ही पुढील पिकांसाठी आहे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पटवून द्यावे. रोपे फुलोऱ्यापूर्वी उपटावीत. नवे कोंब येतात, म्हणून हे काम पुन्हा पुन्हा करावे लागते. फुले आलेली रोपे बांधावर न टाकता जाळावीत.

हे बी आपण होऊन रुजत नाही. ओलाव्याबरोबर विशिष्ट पिकाच्या मुळांतून पाझरणारे द्रव्य त्यास मिळावे लागते. असे एक द्रव्य 1966 साली प्रथम वेगळे करण्यात आले, ते ज्वारीच्या नव्हे तर कपाशीच्या मुळांतून! कपाशीच्या मुळांजवळ बी रुजते. परंतु कपाशी त्यास पोसत नाही, आणि कोंब उपाशी मरतो. भुईमूग व सूर्यफूल यांचाही असाच उपयोग होतो. मात्र जमिनीतील साठा एका वर्षात संपत नाही. फेरपालट काही वर्षे चालू ठेवावी. ज्वारीनंतर मका, बाजरी किंवा ऊस घेतल्यास टारफुल्यास पुन्हा यजमान मिळतो.

हलक्या, निकस जमिनीत याचा जोर अधिक असतो. तेथे शेणखत व नत्र यांची उणीव भरून काढावी. टारफुला असलेल्या शेतातील ज्वारी बियाण्यासाठी राखू नये, आणि तेथे वापरलेल्या अवजारांची माती झाडल्याखेरीज ती दुसऱ्या शेतात नेऊ नयेत.