गर्भाशयातील तंतुगाठी व त्यांच्या रक्तवाहिन्या

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. तिला लागणारे लोहखनिज राजहऱ्याच्या खाणींतून लोहमार्गाने येई. पुरवठ्याचा मार्ग नसेल तर भट्टी चालत नाही. शरीरात नव्याने वाढणाऱ्या गाठीलाही हाच नियम लागू पडतो.

गर्भाशयाची भिंत मुख्यतः स्नायूंची असते. तिच्यातील एखाद्या पेशीची अनिर्बंध वाढ होऊन जी घट्ट गाठ बनते, तिला तंतुगाठ म्हणतात. ही गाठ कर्करोगाची नव्हे. तिचा आकार वाटाण्याएवढा असू शकतो, तसाच नारळाहूनही मोठा. स्त्रीशरीरातील संप्रेरकांमुळे ती वाढते व ऋतुनिवृत्तीनंतर बहुधा आक्रसते.

एकदोन मिलिमीटरपेक्षा मोठ्या गाठीस स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. गाठीतील पेशी काही विशिष्ट प्रथिने स्रवतात. त्यांच्या प्रेरणेने शेजारच्या वाहिन्यांना नवे फाटे फुटतात. अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन सॅम्प्सन यांनी गर्भाशयाच्या रोहिण्यांत द्रव्य भरून गाठींच्या रक्तपुरवठ्याचा अभ्यास केला व तो १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. गाठीभोवती वाहिन्यांचे दाट जाळे असते; अंतर्भागात मात्र त्या विरळ असतात. म्हणूनच मोठ्या गाठीचा मध्यभाग पुष्कळदा पोषणाअभावी झडतो.

गाठ गर्भाशयाच्या आतील अस्तराजवळ असेल, तर मासिक रक्तस्राव फार वाढू शकतो. एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त जाणे हे अतिस्रावाचे लक्षण मानतात. एक लिटर रक्तात सुमारे अर्धा ग्रॅम लोह असते आणि अन्नातून शरीर रोज एकदोन मिलिग्रॅमच शोषू शकते. त्यामुळे दरमहा होणारी हानी भरून निघत नाही व रक्तक्षय होतो. जेथे लोखंडाचे डोंगर फोडले जातात, तेथील गृहिणीच्या रक्तातही लोह अपुरे पडू शकते.

या ज्ञानातूनच एक उपाय निघाला. १९९५ मध्ये पॅरिसचे डॉ. रावीना व त्यांच्या सहकाऱ्यांनी, गर्भाशयाच्या रोहिणीत बारीक नळीवाटे सूक्ष्म कण सोडून गाठीचा पुरवठा तोडल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. गाठ सुकते, निरोगी स्नायूला मात्र इतर वाहिन्यांतून रक्त मिळत राहते. सर्व रुग्णांना हा उपाय योग्य नसतो. कोणास औषधे, तर कोणास शस्त्रक्रिया हितावह ठरते.

अतिस्राव हा स्त्रीचा नशिबाचा भोग नव्हे. तो सोसत न बसता वेळीच डॉक्टरांकडे जावे, हे प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे.