सगळा गाव उठतो, असं कोण म्हणतं?

पावसानं दडी मारली की टीव्हीवर ठरलेलं चित्र येतं: दाराला कुलूप, डोक्यावर बोचकं घेतलेली बाई, खाली पट्टी ‘दुष्काळामुळे गावं ओस’. मग चहाच्या गाड्यावर कुणीतरी हमखास म्हणतो, आता हे लोंढे पुण्या-मुंबईवर आदळणार. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की चहा गार होईपर्यंत वाद घालतो.

बीड घ्या. पर्जन्यछायेतला जिल्हा, बालाघाटाची मुरमाड जमीन. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीकडची माणसं दसरा-दिवाळीला ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पाऊस बरा झाला तरी जातात. उन्हाळ्यात पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की परत, कारण मृगात स्वतःच्या रानात पेरायचं असतं. खरीप आपल्या शेतात. रब्बीला पाण्याचा भरवसा नाही, म्हणून तेवढे महिने दुसऱ्याच्या उसात. याला पळून जाणं म्हणायचं? हा तर वर्षाचा मांडलेला हिशेब.

आणि जाणं फुकट नसतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम त्यावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. धडधाकट जोडी हवी. एकट्या म्हातारीला, आजारी माणसाला उचल कोण देणार? ब्रिटिश सरकारच्या 2011 च्या ‘फोरसाइट’ अहवालानं जगभरचे दाखले घेऊन हेच मांडलं: पर्यावरण बिघडलं की अनेकदा सगळ्यात गरिबाची हलण्याची ऐपतच जाते आणि तो धोक्याच्या जागी अडकतो. कुलूप लागलेल्या घराचा फोटो निघतो. न लागलेल्याचा कोण काढणार!

शिवाय मोठ्या दुष्काळात ऊसही वाळतो. गाळप लवकर आटोपतं, उचल फिटत नाही, बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. म्हणजे गरज सर्वाधिक, तेव्हाच हा मार्ग अरुंद होतो.

उलट टोकाचेही भेटतात. 2010 च्या कानकुन हवामान करारात बदलाशी जुळवून घेण्याच्या संदर्भात स्थलांतराचा उल्लेख झाला, तेव्हापासून काहींना ते रामबाण वाटतं. त्यांनी फडाजवळच्या कोपीत चार रात्री काढाव्यात. 2019 मध्ये बीडच्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली. 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. जुळवून घेणं हे खरंच, पण किंमत कोण मोजतंय तेही बघा.

बाकीचे गैरसमज झटपट. ‘कोट्यवधी लोक सीमा ओलांडून येणार’: जागतिक बँकेच्या 2021 च्या ‘ग्राउंडस्वेल’ अहवालात 2050 पर्यंत 21.6 कोटींपर्यंतचा आकडा आहे खरा, पण तो आपापल्या देशातल्या हालचालीचा. वेळीच पावलं उचलली तर 80 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकणारा.

‘हवामान-निर्वासित’: 1951 च्या निर्वासित कराराची व्याख्या छळाच्या भीतीवर उभी आहे. तीत दुष्काळ नाही.

‘हे सगळं आताचं’: धनगरांना विचारा. दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन घाट उतरायचा, पाऊस लागायच्या आत वर यायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. आणि कोकणातला शेतकरी त्यांना लोंढा म्हणत नाही. लेंडीखतासाठी रात्रभर शेतात मेंढरं बसवून घेतो आणि वर धान्य नाहीतर पैसे देतो.