बोनस, भाजणी आणि कामट्यांचा कंदील

सातपुरात दसरा उलटला की चहाच्या टपरीवर, कंपनीच्या गेटवर आणि बसथांब्यावर एकच प्रश्न फिरतो, "तुमचा किती झाला?" बोनसचा आकडा विचारला जातोय हे कुणाला फोडून सांगावे लागत नाही. १९६५च्या बोनस कायद्याने, पुढच्या दुरुस्त्यांसह, किमान ८.३३ आणि कमाल २० टक्क्यांची चौकट घातली आणि हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत पैसे द्यायचा दंडक केला. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपनीला त्यामुळे नोव्हेंबरअखेरची मुदत मिळाली, आणि दिवाळी त्याच्या आतच येते. तेलाचा डबा, डाळी, तूप, पोरांचे कपडे, सगळ्या याद्या त्या एका आकड्याकडे डोळे लावून बसतात.

सातपूरच्या घरगुती दिवाळीला ही कारखान्याची किनार सुरुवातीपासून आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्र्यंबक रस्त्यालगतच्या या गावच्या जमिनीवर शेड उभ्या राहू लागल्या. मायको सर्कल, एबीबी सर्कल अशी चौकांची नावेच कंपन्यांवरून पडली. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा सातपूर शहरात आले. तोवर सातपूर कॉलनी, अशोकनगर, श्रमिकनगर या वस्त्यांत धुळे-जळगावची, कळवण-सटाण्याची, मराठवाड्याची आणि पुढे उत्तर प्रदेश-बिहारची माणसे येऊन राहिली होती. प्रत्येकाने गावाकडून आपापला फराळ आणला आणि दोन खोल्यांच्या घरात, एका गॅसवर तो बसवला.

कढईची पाळी

अशा घरात फराळ एकटीने होत नाही. नवरा दुसऱ्या पाळीला गेला की दुपारी ओटा मोकळा. तो तिसऱ्या पाळीचा असेल तर दिवसा घरात झोपलेला, म्हणून कढई शेजारच्या घरी. "वहिनी, आज तुमच्याकडे करंज्या, उद्या आमच्याकडे चकल्या" असे ठरते आणि चार घरच्या बायका पोळपाट-लाटणे घेऊन एका घरी जमतात. एक लाटते, एक भरते, एक कातण्याने कापते आणि जिचा हात तेलाला सरावलेला ती तळते. एकटीला सबंध दिवस पुरणारे काम असे वाटून घेतले की दुपारच्या दुपारी उरकते.

या पद्धतीत शिकणेही होते. माहेर लांब राहिलेल्या सुनेला खान्देशी शेजारीण रव्याच्या सारणाची सांजोरी शिकवते, तिच्याकडून खोबऱ्याची करंजी शिकून घेते. १९७०च्या सुमारास कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि त्यातल्या वाटी-चमच्यांच्या मापांनी सासू-आईपासून दूर संसार मांडलेल्या पिढीला मोठा आधार दिला. पण पाकाची तार किंवा तेलाचा ताव पुस्तकातून अर्धाच कळतो. उरलेला अर्धा शेजारणीच्या हातावर नजर ठेवून शिकायचा असतो.

आधी काय, मागून काय

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस मिळतात. फराळाचे गणित या वीस दिवसांत पदार्थ टिकण्याच्या क्रमाने मांडले तर शेवटच्या दोन दिवसांची धावपळ टळते.

सगळ्यांत आधी अनारशाचे पीठ. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग निथळून कापडावर पसरायचे. हाताला ओलसर लागताहेत तोवरच दळायचे आणि चाळून त्यात जवळपास तेवढाच गूळ मळायचा. हे पीठ चार-पाच दिवस मुरले की पुढे हवे तेव्हा तळता येते. अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडतात, उलटत नाहीत, झाऱ्याने वरून तूप उडवतात. गूळ जास्त झाला किंवा पीठ सैल पडले की अनारसा हसतो, म्हणजे कढईत पसरून विरतो. अशा वेळी कोरडी तांदळाची पिठी थोडी मळून पीठ पुन्हा मुरू द्यावे.

त्याच आठवड्यात चकलीची भाजणी. आठवडा आधी शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू. लाडवाचे बेसन मंद आचेवर खमंग भाजून कोमट होऊ द्यावे आणि मगच पिठीसाखर घालावी. गरम बेसनात साखर विरघळते आणि वळलेला लाडू ताटलीत बसका होतो. चार-पाच दिवस आधी चकली आणि शेव. करंज्या त्यानंतर. सारण सुक्या खोबऱ्याचे असेल तर त्या टिकतात, ओल्या नारळाच्या मात्र दोन दिवसांत संपवाव्या लागतात. चिवडा अगदी शेवटी, कारण त्यातले दाणे आणि खोबरे सगळ्यांत लवकर खवट होते.

चकलीचा काटा

फराळात खरी परीक्षा चकलीचीच. भाजणीचे एक सर्वमान्य माप असे: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, वर धणे आणि जिरे. धान्ये धुऊन वाळवायची आणि वेगवेगळी भाजायची, कारण उडीद लवकर लाल होतो आणि तांदळाला वेळ लागतो. तांदळाने कुरकुरीतपणा येतो, उडदाने पीठ धरून राहते.

दळून आणलेल्या भाजणीत तिखट, मीठ, हळद, तीळ, ओवा घालायचा आणि तेलाचे कडकडीत मोहन टाकायचे. उकळते पाणी ओतून पीठ झाकून ठेवले की वाफेने ते मऊ होते. मग पाण्याचा हात लावून मळायचे आणि सोऱ्यात भरायचे. पहिली चकली कागदावर पाडताना तुटली तर पीठ घट्ट आहे, थोडे पाणी लावून पुन्हा मळावे. तेलात गेल्यावर सुटू लागली तर मोहन जास्त झाले. थोडी कोरडी भाजणी मळून घ्यावी. दाताला दगडासारखी लागली तर मोहन कमी पडले. म्हणून आधी एकच चकली तळून, मोडून, खाऊन बघायची आणि मग घाणा लावायचा.

तेल चांगले तापवून चकल्या सोडाव्यात आणि लगेच आच मध्यम करावी. तेलावरचे बुडबुडे जवळपास थांबले की आतले पाणी गेले असे समजावे. रंगावर जाऊन घाईने काढलेली चकली संध्याकाळपर्यंत मऊ पडते. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नये, नाहीतर वाफ आत धरते आणि चकल्या सादळतात. आणि तळणीचे उरलेले तेल आठवडाभर पुन्हा पुन्हा कढईत घालू नये. धुरावलेले, फेसाळणारे, काळपट तेल टाकून द्यावे, मग भाव कितीही असो.

नाशिकचा माल

पाहुण्याच्या ताटलीत आपल्या गावाची चव असावी, आणि नाशिककराला त्यासाठी लांब जावे लागत नाही. नाशिकचा चिवडा कोंडाजीच्या नावाने गावोगाव पोचला, पण घरीही तो उत्तम जमतो. त्याचा जीव तळलेल्या कांद्यात आणि लसणात. कांदा उभा, पातळ चिरून उन्हात चांगला वाळवायचा आणि मग तळायचा. ओला कांदा तेल पितो आणि चिवडा मऊ करतो. निफाड-लासलगावच्या पट्ट्यात कांद्याची ददात नाही. द्राक्षांच्या याच पट्ट्यातला बेदाणा लाडवात आणि चिवड्यात घालावा.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरातली नागलीही फराळात बसते. भाजलेल्या नागलीच्या पिठाचे तूप-गुळातले लाडू बेसनाइतकेच सोपे आहेत. शंकरपाळ्याच्या पिठात एक तृतीयांश नागली घातली तर रंग गडद होतो आणि मैदा तेवढा कमी होतो.

सहा चौकटींचा कंदील

विकतचे प्लास्टिकचे कंदील आता पन्नास प्रकारचे मिळतात. तरीही कामट्यांचा पारंपरिक कंदील घरी करून पाहावा, कारण त्याची रचना सोपी आणि चोख आहे. बुरुडाकडून बांबूच्या सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या घ्याव्यात. चार-चार कामट्या दोऱ्याने बांधून सहा चौकटी करायच्या. त्यांतल्या चार चौकटी टोकावर उभ्या धरून बाजूचे कोपरे एकमेकांना बांधले की वर्तुळासारखे कडे तयार होते. पाचवी चौकट वर ठेवून तिचे चार कोपरे त्या चार टोकांना बांधायचे. सहावी तशीच खाली. सांगाडा आपोआप ताठ होतो आणि चौकटींच्या मधे आठ त्रिकोण उमटतात. कामटी फूटभर असेल तर कंदील जवळपास दीड फूट उंच होतो.

कागद पतंगाचा. चार बाजूच्या चौकटींना एक रंग, आठ त्रिकोणांना दुसरा. वरची आणि खालची चौकट मोकळी ठेवायची, म्हणजे दिवा आत सोडता येतो आणि उष्णता बाहेर जाते. चिकटवायला मैद्याची शिजवलेली खळ पुरते. जुने लोक किडीसाठी तिच्यात मोरचूद घालत. तो विषारी, तेव्हा मुले हाताळणार असतील तर टाळावा. खालच्या चौकटीला झिरमिळ्यांच्या शेपट्या लावल्या की काम झाले. आत एलईडीचा छोटा दिवा सोडावा. जुन्या पिवळ्या बल्बच्या उष्णतेने कागद करपतो. दिवाळीनंतर कागद काढून सांगाडा माळ्यावर ठेवला तर पुढच्या वर्षी नुसता कागद बदलायचा.

दार, अंगण आणि किल्ला

दाराच्या तोरणाला झेंडू आणि आंब्याची पाने. सुई पाकळ्यांतून न घालता देठाच्या हिरव्या गाठीतून ओवली तर फूल गळत नाही. याच दिवसांत इगतपुरी-त्र्यंबककडे भात कापणीला येतो. तिकडून कुणी लोंब्या आणल्या तर त्यांची जुडी चौकटीला बांधावी, पाखरेही येऊन टिपतात. मातीच्या पणत्या वापरण्याआधी काही तास पाण्यात बुडवून ठेवाव्यात आणि वाळवाव्यात. कोरडी माती तेल पिते, भिजवलेली कमी पिते.

पोरांच्या वाट्याला किल्ला. विटा, गोणपाट, चिखल आणि वर पेरलेले अळीव किंवा मोहरी. हिरवळ यायला आठवडा लागतो, म्हणून पेरणी वसुबारसेच्या बरीच आधी हवी. नाशिकच्या मुलांनी किल्ला मनाने रचण्याची गरज नाही. पेठ रस्त्यावरचा रामशेज मुघलांच्या वेढ्याला वर्षानुवर्षे दाद न देता उभा राहिला. बागलाणातला १५६७ मीटर उंचीचा साल्हेर राज्यातला सर्वांत उंच किल्ला. तिथे १६७२ मध्ये मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवले आणि २०२५ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. फोटो समोर ठेवून माची, दरवाजा, टाके जागच्या जागी बसवायला लावले की सुट्टीतला इतिहास हातांनीच शिकून होतो.

पाहुणा आला की

फराळाची ताटली गच्च भरण्याची आपल्याला खोड आहे. पाडवा-भाऊबीजेला पाहुणा पाचव्या घरी आलेला असतो. त्याला एक चकली, अर्धा लाडू, चमचाभर चिवडा आणि सोबत काहीतरी ताजे द्यावे. गरम पोहे, मिसळ किंवा नुसते ताक चालते. तळलेल्या गोडाने कंटाळलेल्या जिभेला त्याचे मोल जास्त. मधुमेह असलेल्या आजोबांना "एकाने काय होतंय?" म्हणून आग्रह करू नये.

शेजाऱ्याकडून आलेले ताट रिकामे परत करायचे नाही, ही सातपूरच्या चाळी-कॉलन्यांतली जुनी रीत. भाऊबीजेनंतर चार दिवसांनी कार्तिक शुद्ध षष्ठीला उत्तर भारतीय कुटुंबे छठपूजेला गोदाकाठी जातात आणि मागून कणीक-गुळाचा तळलेला ठेकुआ मराठी शेजाऱ्यांच्या घरी येतो. त्या ताटात आपल्या चकल्या घालून ते परत पाठवावे.

सहा-सात पदार्थांचा हट्ट सोडावा, हे माझे स्पष्ट मत आहे. एक गोड, एक तिखट, एक टिकाऊ असे तीन पदार्थ घरी करावेत. उरलेले बचत गटाकडून किंवा गल्लीत विकणाऱ्या ताईंकडून घ्यावेत, म्हणजे त्यांचीही दिवाळी होते. त्या तिन्हींत घरातल्या पुरुषांचा आणि मुलांचा हात लागलाच पाहिजे. कारखान्यात मिलिमीटरचा शतांश मोजणाऱ्याला सोऱ्या फिरवणे जड नाही. हा अंक हातात पडेपर्यंत तुमची भाजणी झाली नसेल तर उद्याच गिरणीत टाका, कारण धनत्रयोदशीच्या तोंडावर तिथे नंबर लागत नाही. तेही जमले नाही तर चिवडा आणि कंदील धरा. दोन संध्याकाळी काढल्या की दोन्ही होतात.