देवनागरीचे खिळे आणि मराठी अक्षराचे वळण

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथकारांची, कोशकारांची आणि वृत्तपत्रकारांची नावे यथोचित आदराने नोंदली गेली आहेत. परंतु ज्या अक्षरांच्या देहातून ते सारे वाङ्मय वाचकाच्या दृष्टीपर्यंत पोहोचले, ती अक्षरे पोलादाच्या टोकावर कोरणाऱ्या, तांब्यात ठोकणाऱ्या आणि शिशात ओतणाऱ्या कारागिरांचा उल्लेख फार तर एखाद्या तळटीपेत सापडतो. आज आपण ज्याला देवनागरीचे स्वाभाविक रूप समजतो, त्याचा बराच मोठा भाग गेल्या दोन शतकांत छापखान्यांच्या अडचणींतून आणि त्या अडचणींवर मात करणाऱ्या थोड्या माणसांच्या बुद्धीतून घडलेला आहे, आणि म्हणूनच अक्षररचनेचा अभ्यास हा मला आपल्या संस्कृतीच्या इतिहासाचा एक अविभाज्य भाग वाटतो.

नागरी अक्षरे कागदावर छापून उमटण्यास प्रारंभ झाला तो खिळ्यांनी झालेला नाही. ॲम्स्टरडॅम येथे १६७८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या वनस्पतिग्रंथात रंगभट, विनायक पंडित आणि अपूभट या तीन वैद्यांचे कोकणी भाषेतील प्रशस्तिपत्र नागरी लिपीत आहे, आणि ते ताम्रपटावर कोरून छापलेले आहे. त्याच दशकात मुंबईत भीमजी पारेख या व्यापाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मार्फत विलायतेहून मुद्रक आणि मुद्रणसाहित्य मागविले, परंतु आलेला मुद्रक अक्षरे पाडणारा नव्हता, आणि देशी लिपीत ग्रंथ छापण्याचा तो उद्योग सिद्धीस गेला नाही. पेशवाईच्या अखेरीस नाना फडणवीसांनी भगवद्गीता कोरून छापण्याचा विचार मनावर घेतला होता; नानांच्या पश्चात ते काम पटवर्धनांच्या आश्रयाने मिरजेत १८०५ साली पूर्ण झाले. कोरलेल्या पटावर अक्षर जसे लिहावे तसे उमटते. मात्र एका पानासाठी केलेले श्रम दुसऱ्या पानाच्या कामी येत नाहीत. सुटे खिळे पाडून ते पुनःपुन्हा जुळवावयाचे, तर लिपीचे अवयव कसे आणि कोठे तोडावयाचे हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि देवनागरीच्या मुद्रणाचा खरा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

हा प्रश्न प्रथम बंगालमध्ये हाताळला गेला. चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली अक्षरे कोरण्याची विद्या शिकलेला पंचानन कर्मकार आणि त्याच्यामागून त्याचा जावई मनोहर यांनी श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यासाठी अनेक लिपींचे खिळे सिद्ध केले. विल्यम केरी याचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथेच देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. पुढे महाराष्ट्रात दफ्तरी लेखनाची लिपी मोडी आहे हे ध्यानात घेऊन त्याच छापखान्याने मोडीचे खिळे पाडले, आणि १८१४ सालची सिंहासन बत्तिशी त्या खिळ्यांत छापली. मोडीचा सारा जीव बोरू न उचलता धावणाऱ्या हाताच्या वेगात. तो वेग शिशाच्या तुकड्यांत सापडणे कठीणच होते. छापील मराठीची लिपी म्हणून बाळबोध, म्हणजेच देवनागरी, स्थिरावली, आणि माझ्या मते त्या एका घटनेने मराठी माणसाच्या हस्ताक्षराचे पुढील शतकाचे भवितव्यही ठरवून टाकले.

आता खिळा म्हणजे काय आणि देवनागरीत तो एवढा दुर्घट का, हे थोडे जवळून पाहू. कारागीर पोलादाच्या चौकोनी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरतो. आतील पोकळ्या ठोकून घेतो, बाहेरची कड कानशीने घासतो, दिव्याच्या काजळीवर टोक धरून ते कागदावर दाबतो, आणि उमटलेली काळी आकृती पाहून पुन्हा कानशीकडे वळतो. समाधान झाले की ते पोलाद तापवून पाणी देऊन कठीण करावयाचे आणि तांब्याच्या तुकड्यात ठोकावयाचे. तांब्यात खोल उमटलेली ही मातृका साच्यात बसवून तीत शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतला की खिळा तयार होतो. रोमन लिपीत ही क्रिया अक्षरागणिक एकदा केली की काम भागते. देवनागरीत ‘क’ला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि रफार यांपैकी काय काय लागेल, शिवाय तो कोणत्या व्यंजनाशी जोडला जाईल, याला मर्यादा नाही. ‘ष्ट्र’ आणि ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरे घेऊन मोजले तर खिळे ठेवण्याच्या केशीतील घरांची संख्या शेकड्यांत जाते, आणि खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्याला एका ओळीसाठी चहूकडे हात टाकीत उभे राहावे लागते.

यावर दोन उपाय निघाले. एका पद्धतीत अक्षराचा मधला देह, वरच्या मात्रा आणि खालचे उकार निरनिराळ्या लहान अंगांच्या खिळ्यांवर ओतावयाचे आणि एका ओळीत तीन मजले रचावयाचे. मुद्रणाच्या धंद्यात हिला डिग्री म्हणत. दुसरीत खिळ्याचे अंग अखंड ठेवून वेलांटीचा किंवा मात्रेचा भाग त्या अंगाबाहेर झुकता ठेवावयाचा, म्हणजे तो शेजारच्या अक्षराच्या माथ्यावर जाऊन बसेल. पहिलीत जुळारी दमतो आणि मजल्यांमध्ये सूक्ष्म फट राहते. दुसरीत झुकलेला नाजूक भाग छापताना मोडतो. जुनी पुस्तके भिंगाखाली धरली तर हे सारे आजही दिसते: तुटलेली शिरोरेखा, शेंडा गेलेली वेलांटी, अक्षरापासून केसभर दूर राहिलेला उकार. छापील पानाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रथम या व्यंगांकडे पाहण्यास शिकावे, कारण कोणते पान कोणत्या पद्धतीच्या खिळ्यांनी रचले आहे याचा पुरावा तीच देतात.

मुंबईत या विद्येची परंपरा अमेरिकन मिशनच्या छापखान्यापासून सुरू झाली. कलकत्त्याकडून आलेल्या खिळ्यांवर तेथे १८१७ च्या सुमारास मराठी छपाई होऊ लागली, आणि पुढे टॉमस ग्रॅहम याने देशी कारागिरांच्या साहाय्याने त्या अक्षरांना अधिक सुबक व आटोपशीर रूप दिले. गणपत कृष्णाजी यांनी त्याच काळात शिळाछापावर पंचांगे व धर्मग्रंथ काढले. शाईत चरबी असल्याच्या शंकेने सोवळी मंडळी छापील ग्रंथाला शिवत नसत, म्हणून शाईत तुपाचा उपयोग करण्यात आला. वाचकाच्या श्रद्धेचा असा आदर करून त्याला नव्या विद्येकडे वळवणे, हे त्या पिढीच्या व्यवहारज्ञानाचे मला फार मोठे लक्षण वाटते.

या परंपरेचा कळस मात्र जावजी दादाजी चौधरी यांनी चढविला. १८३९ साली जन्मलेले, गरिबीमुळे शाळेला पारखे झालेले जावजी बालवयातच मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले आणि तेथून पायरीपायरीने ती विद्या हस्तगत करीत गेले. १८६४ साली त्यांनी अक्षरे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखान्याची स्थापना केली. राणोजी रावजी आरू हा असामान्य कोरक त्यांना मित्र म्हणून लाभला होता. राणोजींच्या ठशांतील ‘अ’ आणि ‘क’ यांच्या वाटोळ्यांकडे लक्ष देऊन पाहावे: तिरप्या कापाच्या बोरूने लिहिताना जो जाड-बारीकपणा आपोआप येतो, तोच पोलादात उतरलेला आहे, आणि आतील पोकळी इतकी मोकळी ठेवली आहे की लहान आकारातही ती शाईने बुजत नाही. रोमन लेखणीचा काप आणि नागरी बोरूचा काप परस्परांविरुद्ध असतात. त्यामुळे परदेशी कोरकांच्या आरंभीच्या नागरी अक्षरांत जाडी भलत्याच जागी आलेली दिसते. राणोजींच्या अक्षरांत ती चूक नाही, याचे कारण त्यांची दृष्टी पोथीवर वाढलेली होती. हिंदुस्थानभरच्या छापखान्यांनी निर्णयसागरचे खिळे विकत घेतले, आणि १८८६ पासून तेथून निघू लागलेल्या ‘काव्यमाला’ या ग्रंथमालेने संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध व सुंदर मुद्रणाचा आदर्श घालून दिला. लिपीचे एकही अंग न छाटता, केवळ कौशल्याच्या बळावर ती यंत्रात बसविता येते, हे या कारखान्याने सिद्ध करून दाखविले.

विसाव्या शतकात विचाराची दिशा पालटली. दैनिक वृत्तपत्रांना वेग हवा होता, आणि लायनोटाईप यंत्रात ९० कळांच्या मर्यादेत लिपी कोंबणे भाग होते. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या गरजेतून खिळ्यांची संख्या दोनशेच्या आसपास आणण्यासाठी परिश्रम घेतले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली आणि ‘अि’, ‘अु’ अशी रूपे किर्लोस्कर मासिकाच्या वाचकांच्या अंगवळणी पडली. १९५३ साली लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेऊन तिचा दंड आखूड करण्याची सूचना केली, ती अल्पावधीत मागे घ्यावी लागली. या सर्व सुधारकांच्या हेतूंविषयी मला नितांत आदर आहे; ज्ञान स्वस्त व्हावे आणि खेड्यापर्यंत जावे हीच त्यांची तळमळ होती. तथापि यंत्राची त्या घडीची मर्यादा ही कायमची मर्यादा समजून लिपीला कात्री लावावयाची, हा त्यांच्या विचारातील दोष होता, असे आज स्पष्ट म्हटले पाहिजे.

शास्त्रीय अभ्यासाचा पाया याच मंथनातून पडला. शं. वा. भागवत यांनी १९६१ साली मराठीतील वर्णांच्या वारंवारतेचा अभ्यास डेक्कन कॉलेजमार्फत प्रसिद्ध केला. शिरोरेखेपासून स्कंध, नाभी, जानू, पाद अशा आडव्या रेषांनी अक्षराचा देह मापण्याची पद्धतही याच पिढीने रूढ केली. शासकीय मुद्रणखात्याचे संचालक बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्रणावरील त्रिखंडी इंग्रजी ग्रंथ १९७१ साली भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. खिळ्यांच्या आराखड्यांपासून सुधारसमित्यांच्या अहवालांपर्यंतचा इतका तपशील अन्यत्र एका ठिकाणी मिळत नाही, आणि तरीही मराठीच्या किती प्राध्यापकांनी तो उघडून पाहिला असेल, याचा विचार करताना मन विषण्ण होते. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी जाहिरातीच्या व्यवसायातून पवईच्या आयआयटीत येऊन अक्षररचनेला अध्यापनाचा विषय केले. ज्या ‘मंगल’ अक्षराने संगणकावर कोट्यवधी लोक देवनागरी वाचू लागले, ते त्यांचेच. तेथेच गिरीश दळवी यांनी देवनागरी अक्षररचनेवर प्रबंध लिहिला, आणि त्यांच्या एक टाईप या गटाची ‘मुक्ता’ व ‘बलू’ ही अक्षरे आज कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

संगणकाने जुने बंधन तोडले. युनिकोडच्या व्यवस्थेत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर नोंदली जाते आणि पडद्यावर त्याच्या आधी दिसते. जोडाक्षरे अक्षरसंचातील नियमांनी आपोआप जुळतात. ‘र’सारख्या अरुंद आणि ‘ष्ण’सारख्या रुंद आकारांसाठी वेलांटीच्या कमानी वेगवेगळ्या मापाने काढता येतात. ‘ऱ्य’मधील अर्धचंद्र रकार आणि मराठीला आवश्यक असलेला ‘ॲ’ यांना त्यात जागा मिळाली, यांपैकी ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान २००८ साली लाभले. परंतु मराठी ‘ल’ व ‘श’ आणि हिंदी ‘ल’ व ‘श’ यांचे आकार वेगळे असूनही संकेतांक एकच आहेत. कोणते रूप उमटावे हे अक्षरकाराने मराठीसाठी वेगळी तजवीज केली आहे की नाही, यावर अवलंबून राहते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी देवनागरीची वर्णमाला प्रमाणित केली असली, तरी दुकानांच्या पाट्यांवर आणि बातम्यांच्या पडद्यांवर हिंदी रूपे सर्रास दिसतात, कारण पाटी रंगविणाऱ्याला आणि पान जुळविणाऱ्याला हा भेद कोणी शिकविलेलाच नसतो.

या अभ्यासाची साधने आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होत आहेत. छापखाने बंद पडले की खिळे भंगाराच्या भावाने वितळविले जातात, मातृका तांब्याच्या वजनावर विकल्या जातात, आणि अक्षरांचे नमुने दाखविणारी पत्रके रद्दीत जातात. ज्यांच्या माळ्यावर, गोदामात किंवा वडिलार्जित पेटीत असे काही शिल्लक असेल, त्यांनी ते विकण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत, कारखान्याचे नाव व सनावळी लिहून ठेवावी, आणि जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला वा विद्यापीठाला कळवावे. ग्रंथसंग्रहालयांनीही ग्रंथाच्या नोंदीत छापखान्याचे नाव लिहिताना अक्षरसंचाचा उल्लेख करण्याची प्रथा पाडावी. एवढ्या एका रकान्याने पुढच्या संशोधकाचे निम्मे कष्ट वाचतील.