‘आपण’ म्हणजे नेमके कोण?

चेन्नईच्या नैर्ऋत्येस, कांचीपुरम जिल्ह्यात वसलेले ओरगडम आज देशातील वाहनउद्योगाचे एक प्रमुख केंद्र आहे. 2010 मध्ये रेनो-निस्सानचा, 2012 मध्ये डेमलरच्या मालमोटारींचा आणि 2013 मध्ये रॉयल एनफील्डचा कारखाना येथे सुरू झाला. त्यांच्यामागून सुट्या भागांचे कारखाने आले आणि कामाच्या शोधात बिहार, ओडिशा, झारखंड, पश्चिम बंगाल येथून माणसे आली. पर्यवेक्षक तमिळ बोलतो, कामगार हिंदी, उडिया किंवा बंगाली बोलतो आणि कागदपत्रे बहुधा इंग्रजीत असतात. हे अंतर मिटविण्याचे काम आता मोबाइलमधील अनुवादयंत्राकडे सोपविले जाऊ लागले आहे. त्यामुळे यंत्राला भाषा ‘समजते’ म्हणजे काय, हा प्रश्न केवळ विद्वानांचा राहिलेला नाही. वेतन, कामाचे तास आणि कामगाराच्या जिवाची सुरक्षितता त्याच्याशी जोडली गेली आहे.

यांत्रिक अनुवादाचा इतिहास अतिआशेपासून सुरू होतो. जानेवारी 1954 मध्ये न्यूयॉर्क येथे एका संगणकाने साठाहून अधिक रशियन वाक्ये इंग्रजीत आणून दाखविली. त्याच्यापाशी अवघे 250 शब्द आणि सहा नियम होते. काही वर्षांत हा प्रश्न सुटेल, असा तेव्हा अनेकांचा समज झाला. 1966 मध्ये अमेरिकी सरकारनेच नेमलेल्या समितीने प्रतिकूल अहवाल दिला आणि निधी आटला. शब्दकोश आणि व्याकरण यंत्रात भरले की भाषा आली, ही कल्पनाच अपुरी ठरली.

आजचे यंत्र निराळ्या वाटेने जाते. ते शब्दांचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्याला संख्यांची एक मालिका देते आणि कोट्यवधी लिखित वाक्यांवरून कोणता तुकडा कोणाच्या सहवासात येतो, हे शिकते. 2017 मध्ये पुढे आलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या रचनेमुळे वाक्यातील प्रत्येक तुकड्याचा इतर सर्वांशी असलेला संबंध एकाच वेळी तोलणे शक्य झाले. यंत्राचे उत्तर म्हणजे लिखित पुराव्यावर आधारलेला संभाव्यतेचा कौल होय.

माणूसही अपेक्षा बांधतच ऐकतो. वाक्यात अर्थाशी विसंगत शब्द आला, तर सुमारे 400 मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत्-नोंदीत विशिष्ट लहर उमटते, हे 1980 मध्येच दाखविले गेले. परंतु माणसाची अपेक्षा केवळ शब्दांवर उभी नसते. बोलणारा कोण आहे, तो कोणाकडे पाहतो आहे, पाळी संपायला किती वेळ उरला आहे आणि काल काय ठरले होते, हे सारे तो वाक्याबरोबरच वाचतो.

एका लहानशा सर्वनामाने हा फरक स्पष्ट होतो. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हटले की तो सामावला जातो. तमिळमध्ये नेमका हाच भेद ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’ या शब्दांत आहे. मराठीने हा भेद द्राविड भाषांच्या सहवासातून घेतला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. हिंदीच्या ‘हम’मध्ये किंवा इंग्रजीच्या ‘वी’मध्ये तो नाही. आता पर्यवेक्षकाने तमिळमध्ये सांगितले की, ‘रविवारी आम्ही काम करणार आहोत.’ हे वाक्य हिंदीत गेले की ‘हम’ होते. नव्याने आलेल्या कामगाराने रविवारी यायचे की नाही? समोर उभा असलेला माणूस हातवाऱ्यावरून ते ओळखतो किंवा सरळ विचारतो. यंत्र मात्र न विचारताच उत्तर देते, आणि तेही अस्खलित भाषेत.

ही उणीव पूर्णतः अटळ नाही. 2022 मध्ये केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. चेन्नईतीलच आयआयटी मद्रासच्या ‘एआय4भारत’ या गटाने 2023 मध्ये आठव्या अनुसूचीतील 22 भाषांसाठी खुली अनुवादप्रणाली उपलब्ध करून दिली. ही कामगिरी अभिमानास्पद आहे. तथापि शिकवणीसाठी लागणारी समांतर वाक्ये प्रामुख्याने इंग्रजी आणि एकेक भारतीय भाषा अशा जोड्यांत मिळतात. तमिळ-मराठी किंवा तमिळ-उडिया अशा थेट जोड्या त्या मानाने फार थोड्या. त्यामुळे दोन शेजारी भाषांत जो भेद शाबूत आहे, तोही इंग्रजीच्या पुलावरून जाताना हरवू शकतो. थेट जोड्यांचे साहित्य उभारणे हे बाजारपेठेवर सोडण्याजोगे काम नाही. ते शासनाचे आहे.

दुसरी जबाबदारी प्रशासनाची आहे. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 108 ने सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असावेत, असे ठरविले. अल्पसंख्य भाषकांचे काय, हे तेथे अनुत्तरित राहिले. यंत्राने ही त्रुटी भरून काढता येईल. एकच सूचना पाच भाषांत लावणे आता खर्चिक नाही. संविधानाचा अनुच्छेद 350 तर प्रत्येक व्यक्तीला संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार देतो. मात्र अनुवादित गाऱ्हाण्यावर निर्णय देताना मूळ मजकूर नस्तीत राहिलाच पाहिजे, आणि अर्थाबद्दल शंका असल्यास अर्जदाराला विचारणारा अधिकारीही हवा.

याच किनाऱ्यावर अठराव्या शतकात दुभाष्यांचे मोठे प्रस्थ होते. पुदुच्चेरीच्या आनंद रंग पिळ्ळै यांनी 1736 पासून ठेवलेली तमिळ रोजनिशी त्या जगाची साक्ष देते. दुभाषी चुकत असत, स्वार्थही साधत. पण कोणी काय सांगितले याचा जाब विचारण्यासाठी एक नाव असे. यंत्राला नाव नाही आणि सहीही नाही. म्हणून त्याने केलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या अनुवादाखाली एका जबाबदार माणसाची सही असावी, एवढा नियम आज करता येण्यासारखा आहे.